वृत्तात न बसलेलं तेल

पेण,
सोमवार, १४ नोव्हेंबर १९९४

प्रिय एलियास,

कुर्र… कुई. कुर्र… कुई. डोळे मिटून वाच, म्हणजे ऐकू येईल. तुझ्या बाबांचा लाकडी घाणा. शाळेच्या मागच्या खिडकीतून तो आवाज आत यायचा आणि गुरुजी टेबलावर पट्टी आपटत भुजंगप्रयात शिकवायचे. एक आखूड, दोन लांब, एक आखूड, दोन लांब. बैलाचं पाऊल आणि गुरुजींची पट्टी कधीकधी अशी जुळायची की सगळा वर्ग घाण्याच्या चालीवर कविता म्हणायचा. शनिवारी मात्र घाणा बंद. तुम्हा ज्यूंचा पाळणुकीचा दिवस. गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं ते त्यामुळेच. त्या दिवशी आमची कविता लंगडायची, आणि तू पहिल्या बाकावर ऐटीत बसायचास, जणू गावातली शांतता तुझ्या घरून आली आहे.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझ्या घरातही आता एक आवाज राहायला आला आहे. शांतीच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचा बाटला उभा आहे. पाण्याच्या बाटलीतून बुडबुड करत वारा येतो आणि नळीने तिच्या नाकात जातो. चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, त्या धुराने फुप्फुसं करपली असं डॉक्टर म्हणाले. दिवसातले सोळा तास नळी लावायची. काटा दोनवर, आपल्या मनाने वाढवायचा नाही. पहिल्या दिवशी नळी लावली आणि अर्ध्या तासाने तिच्या ओठांचा निळेपणा गेला. एलियास, मी पेण डेपोत तीस वर्षं गाड्या पुकारल्या, कवितांच्या वह्या भरल्या, पण त्या अर्ध्या तासाला काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही.

प्रविण ठाण्याहून येऊन गेला. त्याला हे पसंत नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही विसराळू. संक्रांतीपर्यंत बघतो. एकदा जरी काही चुकलं, तरी आईला मी घेऊन जाणार." त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. शांती तिथे एकदा पंधरा दिवस राहिली होती. परत आल्यावर म्हणाली, "खिडकीतनं नुसता आभाळ दिसतो. हाक मारायला माणूस नाय." आता तर तिला जिने उतरणं शक्य नाही. एकदा वर गेली की ती कायमची वर. सूनबाई मनस्वी आली होती ती उंबऱ्यातच उभी राहिली. ती स्वयंपाकाच्या गॅसलाही घाबरते. म्हणाली, "आई, याच्या शेजारी झोप कशी लागते तुम्हाला?"

तेव्हा एकही चूक करायची नाही, असं मी ठरवलं आहे. बाटला आणणाऱ्या माणसाने सगळे नियम एका दमात सांगितले. मी ते लगेच वृत्तात बांधले आणि मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. गद्य मी विसरतो, पद्य विसरत नाही, हे तुला ठाऊक आहे.

विडी, आगपेटी घरी वर्ज्य देवा,
चुलीपासुनी बाटला लांब ठेवा;
उभा बांधुनी साखळीने असावा,
नळीला कधीही न तो पीळ यावा.

संध्याकाळचा दिवासुद्धा शांतीने मागच्या पडवीत हलवायला लावला, खोलीपासून पुरता लांब. एक पथ्याचा नियम तेवढा राहिला. तो माणूस म्हणाला होता, "आणि तेलकट काय नको हां." आता 'तेलकट' हा शब्द घे. त्यात तीन लघू एकामागे एक उभे. भुजंगप्रयातात ते शिरेनात. शेवटी सोडून दिला. तशीही शांती कुठे भजी खाते?

सगळं ठीक आहे, फक्त बाटल्याची चावी फिरवली की ती अशी किंचाळते की शांती दचकते, आणि दचकली की तिला धाप लागते. शिवाय नळी घासून तिच्या नाकाशी लाल झालं आहे. यावर काही उपाय असला तर कळव. दीनावहिनींना नमस्कार.

तुझाच,
कमळाकर

*

रोहा,
शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९९४

कमळ्या,

तुझी कविता दीनाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पहिल्याच ओळीत देवाला कशाला ओढला?" मी सांगितलं, ठेवाला यमक हवं होतं म्हणून. पन्नास वर्षांपूर्वीही तू हेच करायचास. कुठे काही अडलं की देवा नाहीतर सखया.

शांतीवहिनींचे ओठ उजळले हे वाचून बरं वाटलं. त्यांना त्या चौथ्या मजल्यावर पाठवू नकोस. आमची लेक तामार समुद्रापलीकडच्या अश्दोदहून दर पत्रात लिहिते, इकडे या, इथे लिफ्ट आहे. मी लिहितो, मला लिफ्ट नको, मला कुंडलिकेच्या पुलावरून बाजारात जायला पाय पुरतात. तेव्हा तुझी बाजू मला कळते.

आता चावीचं. अरे, तेल्याच्या पोराला हे विचारायला तू चार पानं खर्च केलीस? कुठलीही वस्तू किंचाळते ती तहानेने. माझे बाबा घाण्याच्या खुंटाला रोज सकाळी बोटभर तेल पाजायचे आणि मग बैल जुंपायचे. तू एक कर. घरात तिळाचं असेल तर उत्तम, नसेल तर खोबरेल. कापसाचा बोळा बुडवायचा आणि चावी जिथे बसते त्या मानेला नीट फिरवायचा. दोन थेंब आत गेले पाहिजेत. पुन्हा आवाज आला तर माझं नाव बदल. नाकाशी लाल झालंय तिथेही तेलाचं बोट लाव, दोन दिवसांत उतरेल. तेलकट नको म्हणणारे ते खाण्याचं म्हणतात, लावायचं नव्हे.

जास्त लिहीत नाही. परवा दुकानात तेलाचा डबा उचलला, तेव्हापासून डाव्या खांद्यात चमक येते आहे, ती हातात उतरते. दीना आतून ओरडते आहे, "अवो, दिवा लागायची वेळ झाली, पेन ठेवा आता." शुक्रवारी सूर्य बुडाला की माझं लिहिणं बंद, ते उद्या संध्याकाळपर्यंत. पत्र पेटीत टाकून येतो.

तुझा
एलियास

*

तार
रोहा, १९ नोव्हेंबर १९९४, दुपारी १.१०

चावीला तेल लावू नकोस. बाटल्याजवळ तेल अजिबात नको. माझं पत्र फाड. एलियास

*

रोहा,
रविवार, २० नोव्हेंबर १९९४, सकाळ

प्रिय कमळाकर,

तार काल संध्याकाळीच तुझ्या हातात पडली असेल. माझं शुक्रवारचं पत्र सोमवारच्या आत पेणला पोचत नाही, त्यामुळे तार आधी आणि पत्र मागाहून. तुला तार वाचून वाटलं असेल, याला काय झालं. म्हणून हे सविस्तर.

काल शनिवार. इथे आता सामुदायिक प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमत नाहीत, म्हणून घरीच प्रार्थना केली आणि जरा पाय मोकळे करायला निघालो. कोपऱ्यावर शिवाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्याकडे लोखंड कापायला ऑक्सिजनचा बाटला असतो. मी जाता जाता म्हटलं, तुझा बाटला किंचाळत नाही कसा, माझ्या मित्राचा किंचाळतो, त्याला तेल लावायला सांगितलंय.

शिवाने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, "काका, त्या मित्राशी तुमचा काय जुना भांडान हाय का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तो मेला तर चालंल का?"

मग त्याने मला बाटल्यापाशी नेलं. वर लिहिलेलं होतं, तेल किंवा ग्रीस लावू नये. मी त्या दुकानावरून दहा वर्षं जातो आहे. त्याने समजावलं ते असं. बाटल्यात निव्वळ ऑक्सिजन दाबून भरलेला असतो. त्या जोराने तो सुटतो आणि वाटेत तेल भेटलं की पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने ग्रीसच्या हाताने चावी फिरवली होती, त्याचा तो हात मी बघितला आहे. तो भाजला कसा ते मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

कमळाकर, तो 'तेलकट' भज्यांचा नव्हता रे. तो चावीचा होता. तू वृत्तात बसेना म्हणून सोडलास आणि मी बापाचा धंदा आठवून नेमका तोच सांगितला. दोघांनी मिळून आपण एक नंबर काम केलं होतं.

तिथून मी तसाच पोस्टात गेलो. दारात पाय अडखळला. आजवर शनिवारी मी हातात पेन धरलेलं नाही. बाबांनी बैलसुद्धा कधी जुंपला नाही. तुझी तार मी माझ्या हाताने लिहिली. घरी येऊन दीनाला सांगितलं तेव्हा भीती वाटत होती. ती म्हणाली, "जीव वाचवायला शनवार आडवा येत नाय. आपल्यात तसाच लिहिलेला हाय. उलट धावत का नाय गेलात ते सांगा."

चावीला काहीच लावायचं नाही. आवाज येत असेल तर बाटला देणाऱ्याला सांगून ती बदलून घ्यायची, जोर करायचा नाही. नाकाला खोबरेल किंवा व्हॅसलीनही नको. डॉक्टर पाण्यातलं मलम देतात, ते माग. तू बाटल्याला हात लावशील तेव्हा साबणाने धुतलेला लाव. आता मी निर्धास्त आहे. पत्राला उत्तर लगेच दे.

तुझा
एलियास

*

पेण,
रविवार, २० नोव्हेंबर १९९४, दुपार

प्रिय दीनावहिनी,

हे पत्र कसं लिहावं ते मला कळत नाही. माझ्या हातात तुमची तार आहे आणि मी ती उघडलेली नाही.

एलियासचं पत्र काल सकाळी मिळालं. पोस्टाने एवढी घाई पूर्वी कधी केली नव्हती. त्यात खांद्यातली चमक हातात उतरते असं त्याने लिहिलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेलो. दुपारी चारला तारवाला सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "रोह्याची हाय." मी सही केली. शांती झोपली होती. तिला दचकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, एलियासला ती धाकट्या दिरासारखं मानते, तुम्हाला ठाऊक आहे. मी तार माझ्या शाळेतल्या कवितांच्या वहीत ठेवून दिली.

तुम्ही म्हणाल, उघडून बघायची तरी. वहिनी, आमच्या घरी आजवर तीन तारा आल्या आणि तिन्हींनी एकेक माणूस नेलं. न उघडलेल्या तारेत माणूस अजून असतो. मी काल संध्याकाळपासून त्याला तिथे सांभाळून ठेवलं आहे. हा वेडेपणा आहे, पण आज दुपारपर्यंत तो माझ्यासाठी आहे.

शाळेत माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं, कारण मी गोष्टी सांगत बसायचो आणि शेजाऱ्यालाही छडी मिळायची. एलियास मात्र रोज येऊन बसायचा. छडी खाऊन वर विचारायचा, मग पुढे काय झालं? त्याच्या तळहाताला कायम तेलाचा वास असायचा. आयुष्यात मी जे काही लिहिलं ते तो "मग पुढे काय" म्हणायचा म्हणून. त्याला एकही वृत्त कधी ओळखता आलं नाही आणि माझी एकही ओळ तो कधी विसरला नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी त्याला चावीच्या तक्रारी लिहीत बसलो.

मी यायला हवं, पण शांतीला बाटल्याबरोबर एकटी सोडून निघता येत नाही. क्षमा करा. तुम्ही एकट्या आहात, तामार तिकडे समुद्रापलीकडे.

एक गोष्ट मात्र मी त्याच्यासाठी करणार आहे. त्याने शेवटच्या पत्रात बाटल्याच्या चावीला तिळाचं तेल लावायला सांगितलं आहे, दोन थेंब, कापसाने. उद्या सकाळी दहाला नवा भरलेला बाटला येतो आहे. तो लावायच्या आधी मी त्याचं तेल लावणार आहे. तिळाचं घरात नव्हतं, आज बाजारातून मुद्दाम आणलं. वाटीत काढून ठेवलं आहे. त्याला एलियासच्या तळहातासारखाच वास येतो आहे.

तुमच्या दुःखात तुमचाच,
कमळाकर

*

पेण,
सोमवार, २१ नोव्हेंबर १९९४

गो दीना,

पहिला हे वाच आणि मग खाली बस. सगळी जिती हाव. तू पण, मी पण, तुझा नवरा पण. माझा नवरा तेवढा अर्धा मेल्यासारखा कोपऱ्यात बसलाय.

तुला यांचा एक पत्र येईल. त्यात एलियासभाऊजी गेले असं समजून लिहिलेला हाय. हसू नको. मला त्यातला काय म्हायती नव्हता. शनवारपासनं हे नाक लाल करून फिरत होते. विचारला तर म्हणतात, "सर्दी झाली." सर्दी झालेला माणूस वही छातीशी धरून फिरत नाय. मला वाटला, माझाच कायतरी रिपोट आला असेल, आणि हे मला सांगत नायत.

आज सकाळी नवा बाटला आला. माणूस तो उभा करून, साखळी लावून गेला. जुन्याची नळी माझ्या नाकात होतीच. हे वाटी घेऊन नव्या बाटल्यापाशी पाट टाकून बसले, देवाला बसतात तसे. वही खाटेवर राहिली होती. मी म्हटला, बघू या तरी माझे किती दिवस राहिलेत ते. वहीत तार. बंद. मी फोडली.

दीना, मी वाचला, "चावीला तेल लावू नकोस," आणि समोर बघते तर यांचा बोळा तेलात बुडालेला आणि हात बाटल्याच्या मानेकडं चाललेला. मला ओरडता येत नाय गो. चार शब्द बोलले की दम सरतो. तोंड उघडला तर नुसता वारा. हाताशी पाण्याचा तांब्या होता, तो उचलून मी फेकला. एवढी ताकद मला कुठनं आली ते देवाला म्हायती. तांब्या यांच्या गुडघ्यावर बसला, वाटी उपडी झाली, तेल सगळा यांच्या धोतरावर. हे ओरडले, "अगं, काय करतेस?" मी तार पुढं केली.

त्यांनी वाचली. खाली सही, एलियास. आणि ढसाढसा रडायला लागले. "तो आहे गं, तो आहे, त्याने स्वतः लिहिलंय." मी बोटानं वरची ओळ दाखवते, हे खालचाच नाव वाचतात. तेलाचा त्यांच्या डोक्यात पाच मिनिटांनी शिरला. मग हात बघितला आपला, बोळा बघितला, बाटल्याकडं बघितला, आणि भिंतीला टेकून बसले ते उठेनात.

मग मीच सांगितला काय करायचा ते. बाटल्याला हात नाय लावायचा. धोतर बदला. तेल, बोळा, वाटी सगळा मागल्या दारी. हात साबणानं तीनदा. जमीन पुसली ती शेजारच्या सगुणानं, सोडा टाकून. तिनं नाक्यावरनं बाटलावाल्याला फोन पण केला. तो दुपारी उलट आला, तेल कुठं लागला नाय ना ते बघितला, किंचाळणारी चावी बदलून दिली आणि यांना बोलला, "काका, मी सांगितला होता, तेलकट नको." हे म्हणतात, "हो, पण ते वृत्तात बसेना."

आता घरात एकच प्रश्न हाय. प्रविणला सांगायचा का नाय? तो बोलला होता, एक चूक झाली तर आईला नेणार. ही तर केवढी चूक. हे मला विचारतात. मी बोलले, तुमी ठरवा, पण खोटं सांगून राहायचा तर मला नळीतला वारा पण पुरायचा नाय.

तुझी
शांती

*

रोहा,
बुधवार, २३ नोव्हेंबर १९९४

कमळ्या,

काल तुझ्याकडे आलो तेव्हा दोघंही नीट बोललो नाही. तू माझा हात सोडत नव्हतास आणि मला तुझ्या घरची जमीन बघवत नव्हती. घरी आल्यावर जे सुचलं ते लिहितो.

माझ्या निधनाची बातमी मला काल सकाळी साडेदहाला मिळाली. पोस्टमनने पत्र दीनाच्या हातात दिलं. तिने पहिल्या चार ओळी वाचल्या, माझ्याकडे बघितलं, मी चहात बटर बुडवत होतो. म्हणाली, "तुमी गेलात म्हणे." मी हसत हसत वाचायला घेतलं. पुढे माझं हसू थांबलं. तळहाताच्या तेलाच्या वासापाशी थांबलं. आणि मग शेवटचा परिच्छेद आला, सोमवार सकाळ, दहा वाजता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवार होता.

चपला कुठल्या घातल्या ते मला आठवत नाही. दीना म्हणते एक माझी होती, एक तिची. शिवाने मला स्कूटरवर बसवून कोलाडला हायवेवर आणून सोडलं. तिथून पेणपर्यंत खिडकीशी बसून मी एकच बघत होतो, तुमच्या आळीच्या बाजूला धूर दिसतो का. धरमतरच्या बाजूला कुणीतरी पेंढा जाळत होतं, ते बघून मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. त्याने मला पाणी दिलं. तुझ्या दारात शांतीवहिनी दिसल्या, नाकात नळी, मांडीवर मेथीची जुडी. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी मेलात ना?" तेव्हा कुठे मला श्वास आला. त्यांचं पत्र आज सकाळी इथे पोचलं. दीनाने ते दोनदा वाचलं आणि मला दोनदा चिमटा काढला.

खांद्याचं तू विचारलंस. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, हृदयाचं काही नाही. डबाच होता.

आता दोन कामाच्या गोष्टी. पहिली, भिंतीवरची कविता. तू म्हणतोस बसत नाही. काल परतीच्या गाडीत मी बोटांवर मोजत आलो, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. गुरुजींची पट्टी जशी वाजायची तशी मनात वाजवली, एक आखूड, दोन लांब. हे बघ:

नको तेल, ना तूप, ना मेण लावा.

मोज. 'तेलकट' बसत नाही, तेल बसतं. सत्तरीला आलो तेव्हा मला एक ओळ जमली, ती पाचवी म्हणून चिकटव, नाहीतर तुझा देवा काढून ती वर घे.

दुसरी गोष्ट. प्रविणला कळवू नकोस. कालच सांगणार होतो, पण वहिनी समोर होत्या. चूक झाली ती तुझी एकट्याची नाही, अर्धी माझी आहे, आणि मी तर ती तार करून फेडली. तेल लागलं नाही, चावी बदलली, नियम भिंतीवर गेला. आता ते घर पहिल्यापेक्षा सुरक्षित आहे. पोराला सांगितलंस तर तो आईला उचलून नेईल आणि वहिनी त्या चौथ्या मजल्यावर आभाळ बघत बसतील. मित्राचं एकदा ऐक. या वेळी माझा सल्ला बरोबर आहे.

तुझा
(जिवंत) एलियास

*

पेण,
शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९९४

प्रिय एलियास,

तुझी ओळ चिकटवली. चारवेळा म्हणून बघितली, कुठेही अडत नाही. मी तिला वर घेतली आहे, सगळ्यांच्या आधी. देवा तसाच ठेवला, त्याला आता मीच काढू धजत नाही. शांती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही वरची भाऊजींची, खालच्या आमच्यांच्या," आणि सगुणाचे नातू शाळेत जाता-येता ती म्हणतात. मलम मिळालं, नाकाची लाली उतरते आहे.

प्रविणविषयी तुझा सल्ला पोचला, पण उशिरा. मंगळवारी तू समोर बसला होतास तेव्हाच मला ते सांगायला हवं होतं. सोमवारी संध्याकाळीच, बाटलावाला गेल्यावर, मी प्रविणला पत्र टाकलं होतं. सगळं लिहिलं. तार उघडली नाही तेही. वाटीतलं तेलही. तू मला वेडा म्हणशील म्हणून मंगळवारी गप्प बसलो.

मी तीस वर्षं स्टँडवर माइकपुढे उभा होतो. गाडी लेट असली तर लेट आहे म्हणून सांगितलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. वडखळला अडकलेली गाडी आत्ता येतेच आहे असं कधी पुकारलं नाही. आणि या बाबतीत तर प्रविणचं बरोबर होतं. मी विसराळू आहे. ज्या माणसाला तीन लघू अडले म्हणून बायकोचा जीव धोक्यात जातो, त्याच्या हाती एकट्याने ते काम असू नये. हे मी त्याला शब्दाला शब्द असंच लिहिलं. पुढे लिहिलं, तू तिला न्यायचं ठरवलंस तर मी अडवणार नाही, फक्त टॅक्सीत बाटला कसा बांधायचा ते आधी विचारून ये, आणि टॅक्सीवाला विडी ओढणारा नको.

त्याचं उत्तर नाही. रविवारी त्याची सुट्टी असते, म्हणजे परवा टॅक्सी येईल असं आम्ही धरून चाललो आहोत. शांतीने दोन लुगडी काढून ठेवली आहेत. पण बॅगेत भरलेली नाहीत, खुर्चीवर ठेवली आहेत. काल तिने सगुणाला बोलावून कढीपत्त्याचं रोप दिलं, आणि तासाभराने परत मागितलं. म्हणाली, "रविवारपर्यंत माझ्याकडंच राहू दे." मला म्हणते, "तुमी तिथं कविता कुणाला म्हणून दाखवाल? भिंतीपलीकडं माणसं राहतात ती दार उघडत नायत." मी म्हटलं, तुला दाखवीन. म्हणाली, "मी इथंच कंटाळलेली हाय." मग दोघंही हसलो, आणि हसताना तिला धाप लागली नाही, हे मी तुला मुद्दाम सांगतो.

आत्ता साडेपाच वाजले आहेत. नळी तिच्या नाकात आहे, काटा दोनवर आहे, पाण्याची बाटली सकाळी धुऊन भरली आहे. तिच्या उशापासून मी लांब बसलो आहे, कारण माझ्या पेनाच्या शाईचा वास तिला आवडत नाही. तुमच्याकडे आता दिवा लागायची वेळ झाली असेल, दीनावहिनी तुला हाक मारत असतील, म्हणून मीही

थांब, दार वाजतं आहे. परवाची टॅक्सी आजच आली वाटतं. शांतीने खुर्चीवरच्या लुगड्यांकडे बघितलं आणि मान फिरवली. उघडून येतो.

एलियास, मनस्वी आली आहे. एकटी. प्रविण नाही, टॅक्सी नाही, एसटीने आली आहे, घामाने डबडबलेली. खांद्यावर गादीची वळकटी आहे. उंबऱ्यात उभी राहून तिने बाटल्याकडे बघितलं, एक पाऊल मागे घेतलं, मग चपला काढल्या आणि मला विचारते आहे, "बाबा, आईंच्या खोलीत जमिनीवर मला झोपायला जागा होईल ना?"